रात्रीची सुखशाता : खुब्याच्या सांधेरोपणानंतरची निद्रा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त ज्येष्ठ श्रावक-श्राविकांसाठी आयोजित केलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानात अस्थिरोगतज्ज्ञ वक्त्यांनी केलेल्या भाषणाचा संपादित पाठ.)



एखाद्या संस्थेने पन्नास वर्षे अखंडपणे धर्म आणि सेवा यांची सांगड घालणे ही सामान्य गोष्ट नव्हे. अशा मंगल प्रसंगी ज्येष्ठांच्या आरोग्याचा विचार व्हावा आणि त्यासाठी मला पाचारण करावे, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. संयोजकांनी मला खुब्याच्या सांधेरोपणावर बोलण्याची विनंती केली होती. त्या विस्तृत विषयातील एकच भाग मी आज निवडला आहे, तो म्हणजे शस्त्रक्रियेनंतरची झोप. रुग्ण घरी जायला निघतो, तेव्हा नातेवाईक जखमेविषयी विचारतात, चालण्याविषयी विचारतात, पथ्याविषयी विचारतात. "डॉक्टर, रात्री निजायचे कसे?" हा प्रश्न मात्र बहुधा दारापाशी पोहोचल्यावर सुचतो किंवा सुचतच नाही. आणि घरी गेल्यावर पहिल्याच रात्री तोच प्रश्न सर्वांत मोठा होऊन पुढे उभा राहतो.

आपल्या आगमांना हा प्रश्न क्षुल्लक वाटलेला नाही. दशवैकालिक सूत्राच्या चौथ्या अध्ययनात कसे चालावे, कसे उभे राहावे, कसे बसावे, कसे निजावे, असे प्रश्न आले आहेत आणि त्या सर्वांचे उत्तर एकच दिले आहे : यतनेने. चालणे आणि बोलणे यतनेने करावे हे आपण जाणतो. परंतु निजणेसुद्धा यतनेने करण्याची क्रिया आहे, हे आपण सहसा विसरतो. खुब्याचे सांधेरोपण झालेल्या माणसाला पहिले काही आठवडे ही गोष्ट पदोपदी, नव्हे कुशीकुशीला, आठवावी लागते. आज मला सांगायचे आहे ते एवढेच.

नवा सांधा म्हणजे काय

खुब्याचा सांधा उखळीसारखा असतो. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असून ते कमरेच्या हाडातील खोलगट वाटीत फिरते. या दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. कूर्चा झिजली, गोल टोकाचा रक्तपुरवठा खंडित होऊन ते ढासळले, संधिवाताने सांधा खराब झाला किंवा वृद्धापकाळी पडल्यामुळे मांडीच्या हाडाची मान मोडली, तर हा सांधा बदलण्याचा विचार करावा लागतो. शस्त्रक्रियेत खराब झालेले गोल टोक काढून त्या जागी धातूचा दांडा आणि त्यावर धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा बसवितात. वाटीलाही नवे अस्तर देतात. इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात सर जॉन चार्नली यांनी १९६२ साली धातूचा गोळा आणि पॉलिएथिलीनची वाटी यांचा यशस्वी मेळ घातला. आजच्या शस्त्रक्रियेचा पाया तोच आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातील २००७ च्या एका लेखात तिला शतकाची शस्त्रक्रिया असे म्हटले गेले, ते योग्यच होते.

परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शल्यविशारद नवा सांधा बसवितो. त्या सांध्याला धरून ठेवणारे स्नायू आणि सांध्याभोवतीचे वेष्टण मात्र शरीरालाच भरून काढावे लागते. शस्त्रक्रियेसाठी ते बाजूला सारलेले किंवा छेदून पुन्हा शिवलेले असतात. त्यांना बळकटी येण्यास सामान्यतः सहा ते बारा आठवडे लागतात. या काळात पाय विशिष्ट दिशेने वळला, तर गोळा वाटीतून निसटू शकतो. यालाच सांधा निखळणे म्हणतात. जागेपणी माणूस सावध असतो. झोपेत ती सावधता राहत नाही. म्हणून रात्रीची व्यवस्था अशी असावी की, माणूस निद्रिस्त असतानाही उशी, गादी आणि खाट यांनी त्याच्या वतीने पहारा द्यावा.

तीन बंधने

खुब्याच्या मागील बाजूने शस्त्रक्रिया झाली असेल, तर तीन गोष्टी टाळण्यास सांगितले जाते. पहिली, खुबा ९० अंशांपेक्षा अधिक वाकवू नये. म्हणजे गुडघा पोटाकडे आणू नये आणि बसल्याजागी पुढे झुकू नये. दुसरी, शस्त्रक्रिया झालेला पाय शरीराच्या मध्यरेषेपलीकडे नेऊ नये; पायावर पाय टाकू नये. तिसरी, तो पाय आतल्या बाजूस वळवू नये. पुढील बाजूने शस्त्रक्रिया झाली असेल, तर बंधने निराळी असतात. तेथे पाय फार मागे ताणणे आणि बाहेर वळविणे टाळावे लागते. अलीकडे शस्त्रक्रियेचे तंत्र सुधारल्यामुळे काही शल्यविशारद ही बंधने बरीच शिथिल करतात. म्हणून शेजारच्या घरातील रुग्णाचे नियम आपल्याला लावू नयेत. रुग्णालयातून निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून आपली बंधने कोणती आणि किती आठवड्यांची, हे कागदावर लिहून घ्यावे व तो कागद पलंगाजवळच्या भिंतीवर लावावा.

निजावे कसे

प्रारंभीच्या दिवसांत सर्वांत सुरक्षित स्थिती म्हणजे पाठीवर उताणे निजणे. दोन्ही पाय किंचित विलग ठेवून मध्ये एक जाड, भरीव उशी ठेवावी. रुग्णालयात यासाठी फोमची त्रिकोणी उशी देतात. घरी दोन सामान्य उशा एकत्र बांधूनही काम भागते. उशी मांड्यांपासून घोट्यांपर्यंत पोहोचणारी असावी. गुडघ्याची वाटी आणि पायाची बोटे छताकडे असावीत. पाय एका बाजूस कलत असेल, तर टॉवेलची घट्ट गुंडाळी त्याला टेकवून ठेवावी. गुडघ्याखाली उशी घेतली की क्षणभर बरे वाटते. परंतु रात्रभर ती तशीच ठेवू नये. खुबा सतत वाकलेल्या स्थितीत राहिल्यास पुढे पाय सरळ होण्यास त्रास होतो.

ज्यांना आयुष्यभर कुशीवर निजण्याची सवय आहे, त्यांना उताणे निजणे ही शिक्षाच वाटते. त्यांनी डॉक्टरांच्या अनुमतीने निरोगी बाजूच्या कुशीवर निजावे. मात्र दोन्ही पायांच्या मध्ये जाड उशी हवीच आणि ती गुडघ्यांपासून पावलापर्यंत असावी. केवळ गुडघ्यांमध्ये उशी ठेवली, तर पाऊल खाली लोंबते आणि पाय आत वळतो. शस्त्रक्रिया झालेल्या बाजूवर निजण्याची घाई करू नये. जखम पूर्ण भरल्यावर आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावरच, बहुधा सहा आठवड्यांच्या सुमारास, त्या कुशीचा विचार करावा. पालथे निजणे आरंभीच्या काळात टाळावे.

आता कूस बदलण्याविषयी. श्वेतांबर परंपरेत रात्री निजण्यापूर्वी म्हटल्या जाणाऱ्या संथारा पोरिसीत साधकाने कसे निजावे याचे बारीक वर्णन आहे. हाताची उशी करावी, डाव्या कुशीवर निजावे, पाय आखडताना किंवा पसरताना जागा प्रमार्जित करावी आणि कूस बदलतानाही देहाचे प्रतिलेखन करावे, असा तेथील आशय आहे. त्यामागचा हेतू सूक्ष्म जीवांचे रक्षण हा आहे. आपल्या रुग्णाने त्यातून घ्यावा तो कूस बदलताना थांबण्याचा अभ्यास. एकदम वळू नये. आधी उशी पायांमध्ये नीट आहे ना हे हाताने चाचपावे, घरातील माणसाला मदतीस बोलवावे आणि मग खांदे, कंबर व पाय एकाच वेळी, लाकडी ओंडका वळतो तसे वळावे. खांदे आधी आणि पाय मागाहून, असे वळल्यास खुब्याला पीळ बसतो. ज्याने वर्षानुवर्षे यतनेने कूस बदलण्याचा अभ्यास केला आहे, त्याला ही गोष्ट शिकविण्यास फिजिओथेरपिस्टला फार कष्ट पडत नाहीत. डावा खुबा बदललेला असेल, तर डाव्या कुशीचा नियम मात्र काही काळ बाजूला ठेवावा लागेल, हे ओघाने आलेच.

शय्या कशी असावी

आपल्यातील अनेक ज्येष्ठ जमिनीवर चटई किंवा पातळ गादी घालून निजतात. दिगंबर मुनींच्या २८ मूलगुणांत भूमिशयनाचा समावेश आहे. पौषध करणारा श्रावकही जमिनीवर संथारा घालून निजतो. त्यागाची ही परंपरा मला वंदनीय आहे. तरीही वैद्य म्हणून मला नि:संदिग्धपणे सांगावे लागते की, खुब्याच्या सांधेरोपणानंतर पहिल्या काही महिन्यांत जमिनीवर निजू नये. धोका निजण्यात तितका नाही. तो जमिनीवर बसण्यात आणि तेथून उठण्यात आहे. जमिनीवरून उठताना खुबा ९० अंशांहून कितीतरी अधिक वाकतो आणि पायाला पीळही बसतो. माझ्याकडे येणाऱ्या एका वृद्ध श्रावकांनी पंधरा दिवस सर्व नियम पाळले आणि पर्वतिथीला, कोणाला न सांगता, रात्री खाली चटई अंथरली. निजले ते सुखाने. पहाटे उठताना सांधा निखळला. त्यांना पुन्हा भूल द्यावी लागली, पुन्हा रुग्णालय पाहावे लागले. व्रत त्यांनी श्रद्धेने केले होते. त्यांच्या श्रद्धेविषयी मला आदर आहे; परंतु आधी एक शब्द विचारला असता, तर त्याच तिथीला त्यांच्या शरीराला झेपेल असा दुसरा नियम गुरुमहाराजांनी आनंदाने दिला असता.

पलंगाची उंची साधारणपणे २० ते २२ इंच असावी. खूण अशी की, काठावर बसले असता तळवे जमिनीला पूर्ण टेकावेत आणि गुडघे खुब्यांपेक्षा किंचित खाली राहावेत. पलंग बुटका असल्यास एकावर एक दोन घट्ट गाद्या घालाव्यात किंवा पायांखाली खाचेचे भक्कम लाकडी ठोकळे ठेवावेत; नुसत्या विटा रचू नयेत, कारण त्या सरकतात. गादी काथ्याची अथवा घट्ट कापसाची असावी. मध्ये झोळ पडणारी बाज आणि फार मऊ फोम दोन्ही वर्ज्य समजावेत. चाके असलेला पलंग असेल, तर चाके काढावीत. पलंगाच्या ज्या बाजूने उतरायचे, तेथे वॉकर उभा राहील एवढी मोकळी जागा असावी.

पलंगावर जाताना पाठ पलंगाकडे करून मागे सरकावे, पायाला काठ लागला की शस्त्रक्रिया झालेला पाय थोडा पुढे ठेवावा, हातांचा आधार घेऊन काठावर टेकावे आणि मग कोपरांवर भार देत मागे सरकत पाय वर घ्यावेत. त्या वेळी घरातील कोणीतरी पाय उचलून धरावा. उतरताना फिजिओथेरपिस्टने शिकविलेल्या बाजूनेच उतरावे. शस्त्रक्रिया झालेला पाय मध्यरेषा न ओलांडता बाहेरच्या बाजूस नेता यावा, हे त्यामागचे सूत्र आहे. आणखी एक बारीक बाब. पायथ्याशी सरकलेले पांघरूण ओढण्यासाठी माणूस अर्धवट उठून पुढे वाकतो. ही हालचाल निषिद्ध आहे. पांघरुणाच्या टोकाला कापडी पट्टी शिवून ती उशाशी आणून ठेवली, तर वाकण्याची गरजच उरत नाही.

वेदना, औषध आणि चौविहार

आता मी ज्या मुद्द्यासाठी हे व्याख्यान स्वीकारले, त्याकडे वळतो. शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन-तीन आठवडे रात्री वेदना जाणवते. दिवसा मन गुंतलेले असते. रात्री ती एकटीच सोबतीला असते. आपल्या समाजात सूर्यास्तानंतर चौविहाराचा नियम असणारे अनेक ज्येष्ठ आहेत. थोडा हिशेब करून पाहू. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारसी येते. म्हणजे सुमारे चौदा तास अन्न नाही, पाणी नाही आणि औषधही नाही. पॅरासिटामॉलसारख्या वेदनाशामक गोळीचा प्रभाव साधारण चार ते सहा तास राहतो. सूर्यास्तापूर्वी घेतलेली गोळी रात्री अकरा-बारापर्यंत संपते आणि त्यानंतर पहाट होईपर्यंत रुग्ण तळमळत राहतो. नियम मोडायचा नाही आणि कोणाला सांगायचेही नाही, असा निर्धार केलेल्या कित्येक माताभगिनी सकाळी सूनबाईंना "छान झोप लागली" असे सांगतात. त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे मात्र निराळेच सांगत असतात. अशा रात्री सलग गेल्या, तर दिवसा व्यायाम होत नाही, चालणे होत नाही, भूक मंदावते आणि तोल जाण्याचा धोका वाढतो.

येथे नियम आणि औषध यांत भांडण लावण्याची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती शस्त्रक्रियेपूर्वीच दोन व्यक्तींशी बोलण्याची. पहिली व्यक्ती म्हणजे आपले डॉक्टर. त्यांना स्पष्टपणे सांगावे, "माझा चौविहार आहे." एवढे एक वाक्य कळले, तर डॉक्टरांना पुष्कळ काही करता येते. काही वेदनाशामके बारा किंवा चोवीस तास काम करतात. ती सूर्यास्तापूर्वीच्या भोजनानंतर देता येतात. काही औषधे गुदमार्गे देता येतात, तर निवडक रुग्णांना त्वचेवर चिकटविण्याच्या पट्ट्याही देता येतात. यांपैकी काय योग्य, हे मूत्रपिंड, हृदय आणि जठर यांची स्थिती पाहून डॉक्टरांनीच ठरवायचे असते. वेदनाशामकांपैकी काही रिकाम्या पोटी घेतल्यास जठराला इजा करतात. तेव्हा सायंकाळचे भोजन टाळून नुसती गोळी घेणेही उचित नाही. मधुमेही रुग्णांनी तर चौविहाराची कल्पना आवर्जून द्यावी. इन्शुलिनची मात्रा तशीच राहिली आणि रात्रभर पोटात काही गेले नाही, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

दुसरी व्यक्ती म्हणजे आपले गुरुमहाराज किंवा महासतीजी. मी धर्माचा अधिकारी पुरुष नाही. परंतु एवढे जाणतो की, प्रत्याख्यानांत आगारांची योजना पूर्वाचार्यांनीच केलेली आहे आणि व्याधीच्या प्रसंगी चित्ताची समाधी टिकावी म्हणून ठेवलेला आगार त्यांत आहे. चौविहाराऐवजी काही काळ तिविहार किंवा दुविहाराचे पच्चक्खाण घेण्याची वाटही परंपरेत आहे. आर्तध्यानात तळमळत काढलेली रात्र श्रेष्ठ, की गुरूंच्या आज्ञेने सवलत घेऊन समभावाने काढलेली रात्र श्रेष्ठ, याचा निर्णय गुरुमुखातूनच घ्यावा. आपल्या मनाने नियम मोडू नये आणि आपल्या मनाने औषधही सोडू नये.

औषधांतील घटकांविषयीही विचारण्यास संकोच करू नये. अनेक कॅप्सूलांचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. त्याच औषधाची गोळी किंवा द्रवरूप पर्याय पुष्कळदा मिळतो. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पायातील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून सुमारे पाच आठवड्यांपर्यंत औषध दिले जाते. त्यासाठी वापरले जाणारे एनॉक्सापॅरिन हे इंजेक्शन डुकराच्या आतड्यापासून बनते. रिव्हारोक्साबॅन, अपिक्साबॅन यांसारख्या गोळ्या किंवा फोंडापॅरिनक्स हे कृत्रिमरीत्या बनविलेले इंजेक्शन असे पर्याय उपलब्ध आहेत. ते प्रत्येकाला चालतीलच असे नाही. म्हणून हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधी विचारावा. नंतर माहिती कळली म्हणून घाबरून औषध परस्पर बंद करणे प्राणघातक ठरू शकते.

सुजेवर थंड शेकाने आराम पडतो. ज्यांना बर्फाचा वापर नको वाटतो, त्यांनी गार केलेली जेलची पिशवी सुती कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावी. जखमेवर ती ओली लागू देऊ नये.

रात्री उठावे लागले तर

चौविहार असो वा नसो, दिवसभर पाणी पुरेसे घ्यावे. मात्र मोठा हिस्सा दुपारपर्यंत संपवावा. त्यामुळे रात्री लघुशंकेसाठी वारंवार उठावे लागत नाही आणि शरीर कोरडेही पडत नाही. चौविहाराच्या भीतीने मावळतीच्या सुमारास घटाघट तांब्याभर पाणी पिण्याची सवय मात्र सोडावी.

पलंगाशेजारी हाताला लागेल असा दिवा, घंटा किंवा मोबाईल, चष्मा आणि वॉकर असावा. शौचालयापर्यंतच्या वाटेवर मंद दिवा रात्रभर जळू द्यावा. पायपुसणी, सैल चटया, विजेच्या वायरी आणि उंबऱ्याशी ठेवलेल्या चपला दूर कराव्यात. कमोडवर उंच बैठक बसवून घ्यावी. उकिडवे बसणे या काळात पूर्णतः वर्ज्य आहे. पहिल्या आठवड्यांत पलंगाजवळ खुर्चीचा कमोड किंवा लघवीचे भांडे ठेवण्यात लाज बाळगू नये. अंथरुणातून उठल्याबरोबर चालू लागू नये. काठावर एक-दोन मिनिटे बसावे, चक्कर येत नाही याची खात्री करावी आणि मगच उभे राहावे. "सूनबाईंची झोपमोड नको" या विचाराने एकट्याने उठणारे आजोबा घरच्यांची अधिक मोठी झोपमोड करून ठेवतात.

निद्रेची पूर्वतयारी

रात्रीच्या झोपेची तयारी सकाळपासून सुरू होते. दिवसा थोडे थोडे, परंतु अनेक वेळा चालावे. दुपारची झोप अर्ध्या तासापुरती ठेवावी. जागेपणी दर तासाला घोटे वर-खाली हलवावेत. त्याने पोटऱ्यांतील रक्त खेळते राहते. सामायिकासाठी कटासणे जमिनीवर न घालता उंच, हातांची खुर्ची घ्यावी. प्रारंभी ४८ मिनिटे सलग बसणे जड जाईल. तेव्हा पूर्ण सामायिकाऐवजी थोड्या वेळाचा जप करावा आणि मधूनमधून उठून उभे राहावे. वंदनात पंचांग नमविण्याऐवजी हात जोडून मस्तक किंचित लववावे.

निजण्यापूर्वी कायोत्सर्गाचा मोठा उपयोग होतो. कायोत्सर्ग उभ्याने, बसून आणि निजूनही करता येतो, हे आपण जाणता. आचार्य महाप्रज्ञांनी प्रेक्षाध्यानात त्याला महत्त्वाचे स्थान दिले आहे. पायाच्या अंगठ्यापासून मस्तकापर्यंत एकेका अवयवावर चित्त नेऊन तो शिथिल करीत जावे. खुब्याशी आल्यावर वेदना असेल तर ती नाकारू नये आणि तिच्याशी झुंजूही नये, केवळ पाहावी. वेदना त्यामुळे नाहीशी होते असे मी म्हणणार नाही. परंतु वेदनेभोवती आवळलेले स्नायू आणि आवळलेले मन सैल पडले, तर झोपेला वाट मिळते. झोप मोडलीच, तर घड्याळाकडे वारंवार पाहू नये. नवकाराचे स्मरण करीत पडून राहावे.

झोपेच्या गोळ्या आपल्या मनाने किंवा शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून घेऊ नयेत. वृद्धांमध्ये त्यांनी तोल जातो, संभ्रम होतो आणि रात्री पडण्याचा धोका वाढतो. ज्यांना मोठ्याने घोरण्याची आणि झोपेत श्वास अडखळण्याची सवय आहे, त्यांनी ही गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वीच भूलतज्ज्ञांना सांगावी. उताणे निजल्यावर हा त्रास वाढतो आणि काही वेदनाशामके त्यात भर घालतात.

धीरही धरावा. पहिले दोन आठवडे कठीण असतात. सहा आठवड्यांनी पुष्कळ फरक पडतो आणि तीन महिन्यांच्या सुमारास बहुतेक रुग्ण पूर्वीपेक्षा शांत निजू लागतात. ज्या दुखण्याने शस्त्रक्रियेपूर्वी कित्येक महिने झोप हिरावली होती, ते दुखणेच आता गेलेले असते.

या खुणा दिसल्यास सकाळची वाट पाहू नये

कूस बदलताना जांघेत किंवा खुब्यात अकस्मात तीव्र कळ येऊन पाय आखूड दिसू लागला, आत अथवा बाहेर वळला आणि त्यावर भार देता येईना, तर सांधा निखळल्याचा संशय घ्यावा. पाय ओढू नये, मालिश करू नये, हाडवैद्याला बोलावू नये. रुग्णाला आहे तसेच ठेवून रुग्णवाहिका मागवावी. एका पोटरीत नव्याने सूज व दुखणे, एकाएकी दम लागणे किंवा छातीत दुखणे, जखमेतून स्राव, थंडी वाजून ताप, तसेच रुग्ण असंबद्ध बोलू लागणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच रात्री डॉक्टरांशी संपर्क साधावा.

शेवटी, घरातील तरुण मंडळींना एक विनंती. आपण सकाळी गुरुवंदनास जातो, तेव्हा रात्र सुखाने गेली ना, शरीर निराबाध आहे ना, असे आदराने विचारून सुखशातेची पृच्छा करतो. घरात सांधेरोपण झालेली आई, सासूबाई किंवा आजोबा असतील, तर त्यांनाही रोज सकाळी हाच प्रश्न त्याच आस्थेने विचारा आणि उत्तर ऐकण्यासाठी दोन मिनिटे त्यांच्या पलंगाशी बसा. "छान झोप लागली" या शब्दांवर न थांबता, किती वेळा जाग आली, कोणत्या वेळी दुखले, पाणी हवे होते का, हे विचारा. त्या उत्तरांतून डॉक्टरांना औषधाची वेळ सुधारता येईल आणि गुरुमहाराजांना नियमाविषयी मार्गदर्शन करता येईल. वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, हे आपल्याकडे अभ्यंतर तप मानले आहे. ते करण्याची संधी आपल्या घरातच चालून आलेली असते.

 ट्रस्टच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा देतो आणि आपणां सर्वांच्या दिवसाला व रात्रीला सुखशाता लाभो, अशी प्रार्थना करून माझे भाषण संपवितो.

जय जिनेंद्र!